एकाच तारेवर दोन वीजकंपन्या

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला एक सोय आहे, जी पुण्या-नाशिकच्या माणसाला नाही. वीजकंपनी पटली नाही तर ती बदलता येते. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या बऱ्याच मोठ्या भागात अदानी आणि टाटा या दोघांकडेही वितरणाचा परवाना आहे. अर्ज भरायचा, जुनी थकबाकी चुकती करायची, की पुढचं बिल दुसऱ्या कंपनीच्या नावाने येतं. रस्त्याखालून इमारतीत येणारी तार मात्र बहुतेक वेळा तीच राहते.

सार्वजनिक सेवा बाजारातल्या स्पर्धेसाठी खुल्या कराव्यात का, हा वाद आपल्याकडे घोषणांनी खेळला जातो. सरकारी म्हणजे गचाळ, असं एक बाजू म्हणते. खाजगी म्हणजे लूट, असं दुसरी. विजेच्या बाबतीत महाराष्ट्राने निरनिराळ्या तऱ्हेची स्पर्धा प्रत्यक्ष करून पाहिली आहे. त्यामुळे घोषणा बाजूला ठेवून यंत्र उघडून बघणं शक्य आहे.

आधी ती तार. एका तारेतून दोन कंपन्यांची वीज वेगवेगळी कशी येते? ती तशी येतच नाही. सोसायटीच्या टाकीत दोन टँकरवाल्यांनी पाणी ओतलं तर कोणत्या नळाला कोणाचं पाणी आलं हे सांगता येत नाही. पण कोणी किती ओतलं आणि कोणत्या घराने किती वापरलं, हे मोजता येतं. विजेचंही तसंच. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनीने किती वीज जाळ्यात सोडली आणि तिच्या ग्राहकांनी किती ओढली, याचा ताळेबंद मांडला जातो. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून राज्यभरच्या या देवघेवीवर नजर असते. म्हणजे कंपनी बदलली की बदलतो तो हिशेब. फ्यूज उडाला, केबल जळली, तर दुरुस्ती ज्याची तार त्याचीच.

हे दोन परवाने एकाच जागी आले कसे, याला जुना इतिहास आहे. टाटांनी १९१५मध्ये खोपोलीहून मुंबईला जलविद्युत आणली, ती प्रामुख्याने कापडगिरण्यांसाठी. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रं आली.    उपनगरांत घरोघरी वीज पोहोचवली ती १९२९मध्ये स्थापन झालेल्या बीएसईएसने. हीच कंपनी पुढे रिलायन्सकडे आणि २०१८मध्ये अदानींकडे गेली. टाटा मोठ्या गिऱ्हाइकांना घाऊक वीज विकत, बीएसईएस किरकोळ. टाटांच्या जुन्या परवान्यात किरकोळ विक्री बसते की नाही, यावर वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २००८मध्ये न्यायालयाने सांगितलं की टाटा लहान-मोठ्या कोणत्याही ग्राहकाला वीज विकू शकतात. ऑक्टोबर २००९मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने पुढचं पाऊल टाकलं: टाटांनी रिलायन्सच्या तारा भाड्याने वापरून ग्राहक घ्यावेत.

शहराच्या दक्षिण भागात हे घडलं नाही. तिथे बेस्ट आहे, आणि बेस्ट महापालिकेची. वीज कायदा २००३च्या कलम ४२मध्ये अशा स्थानिक संस्थेला आपल्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती नाही. कुलाब्याच्या माणसाला म्हणूनच बोरिवलीच्या माणसासारखी निवड मिळत नाही.

आता वीजबिल हातात घ्या, कोणतंही. महावितरण या सरकारी वितरण कंपनीच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी दिसतात. स्पर्धा यातल्या नेमक्या कोणत्या ओळीला हात घालते, हे पाहण्यासारखं आहे. वहन आकार हे तारांचं भाडं. कंपनी बदलली तरी तार तीच असेल तर भाडं देणं आलंच. वीज शुल्क सरकारचं. घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के, कंपनी कोणतीही असो. उरतो मुख्यतः वीज आकार, म्हणजे वीज विकत घेण्याचा खर्च. वितरण कंपनीच्या एकूण खर्चात साधारण तीन-चतुर्थांश वाटा वीजखरेदीचा असतो, आणि ती खरेदी बहुधा पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी आधीच बांधलेली असते. २००९मध्ये टाटा स्वस्त होते याचं मोठं कारण त्यांच्याकडची जुनी, भांडवल कधीच फिटलेली जलविद्युत केंद्रं. ग्राहकसेवा, बिलिंग, हसून बोलणारा वायरमन या गोष्टींचा त्यात वाटा थोडा.

खरी गंमत यानंतर आहे. विजेचे दर खर्चाप्रमाणे नसतात. कारखाना, मॉल, दुकान आणि भरपूर वीज वापरणारी घरं जास्त दर देतात; शेतीपंप आणि कमी वापराची घरं कमी. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. एक कंपनी १०० युनिट विकते, आणि एक युनिट पोहोचवायला तिला सरासरी ८ रुपये पडतात. म्हणजे ८०० रुपये वसूल व्हायला हवेत. ६० युनिट मोठे ग्राहक १० रुपयांनी घेतात, त्याचे ६०० झाले. ४० युनिट लहान ग्राहक ५ रुपयांनी घेतात, त्याचे २००. हिशेब जुळला.

आता दुसरी कंपनी येते आणि मोठ्या ग्राहकांना ९ रुपयांनी वीज देऊ करते. तिचा खर्चही समजा ८च रुपये आहे. निम्मे मोठे ग्राहक, म्हणजे ३० युनिट, तिच्याकडे गेले. ग्राहकाचा युनिटमागे एक रुपया वाचला, नव्या कंपनीला एक रुपया सुटला. दोघेही खूश. मागे राहिलेल्या कंपनीकडे मोठ्यांचे ३०० आणि लहानांचे २०० मिळून ५०० रुपये येतात, आणि ७० युनिटांचा खर्च आहे ५६०. तूट ६० रुपये. ती उरलेल्यांवर पसरली तर युनिटमागे ८५-८६ पैसे दरवाढ. हेही सौम्य गणित झालं, कारण ३० युनिट कमी विकल्याने ट्रान्सफॉर्मरचं कर्ज किंवा वीजखरेदी करारातला स्थिर खर्च कमी होत नाही. नव्या कंपनीने इथे कणभरही काटकसर केलेली नाही, हे लक्षात घ्या. दरातली जी फट दुसऱ्याच हेतूने ठेवली होती, ती तिने खिशात घातली. वीजक्षेत्रातले लोक याला साय काढून घेणं म्हणतात.

यावर आयोगाचा उतारा म्हणजे क्रॉस सबसिडी अधिभार. कंपनी बदलणाऱ्या मोठ्या ग्राहकाने युनिटमागे २ रुपये जुन्या कंपनीला द्यायचे. ३० युनिटांचे बरोबर ६० रुपये होतात आणि भोक बुजतं. पण मग ९ रुपयांची वीज ११ला पडते आणि कोणी जाणार नाही. स्पर्धा मेली, अशी ओरड इथेच होते. मला हा अधिभार फार उपयोगी वाटतो, तो वेगळ्याच कारणासाठी. समजा नव्या कंपनीचा खर्च खरोखरच साडेसात रुपये आहे. ती ७ रुपये ८० पैशांनी विकेल, अधिक २ रुपये, म्हणजे ९ रुपये ८० पैसे. ग्राहकाला वीस पैसे सुटतात, कंपनीला तीस, आणि मागे राहिलेल्या लहान ग्राहकावर काही लादलं जात नाही. अधिभार पुरता लावला तर काटकसर करणाराच टिकतो आणि साय काढणारा गळतो. कमी लावला तर उलट.

मुंबईत हेच नाट्य घडलं. ग्राहक झपाट्याने टाटांकडे वळले; त्यात जास्त वीज वापरणाऱ्यांचा भरणा होता. २०११मध्ये आयोगाने जाणाऱ्यांवर अधिभार लावला. जुन्या न वसूल झालेल्या खर्चाची रक्कमही त्यांच्याकडून घेण्याचं ठरलं. २०१२मध्ये तर आयोगाने टाटांना सांगितलं की रिलायन्सच्या तारेवरून आता महिना ३०० युनिटांच्या आतल्या घरगुती ग्राहकांनाच घ्या, आणि ठरवून दिलेल्या भागांत स्वतःच्या तारा टाका. हा आदेश पुढे विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात टिकला नाही. दरम्यान दरांमधलं अंतर आटत गेलं. पुढे काही वर्षी गणित उलटलं आणि लोक परतही फिरले. स्वतःच्या तारा टाकणं म्हणजे महापालिकेची खोदकामाची परवानगी, खणलेला रस्ता बुजवण्याचा खर्च, आणि मुंबईत सोन्याच्या भावाची जागा सबस्टेशनसाठी. या सगळ्या भांडवलावरचा परतावा शेवटी दरातच येतो. एका रस्त्याखाली दोन केबल टाकून दोन्हींचं भाडं ग्राहकांनीच भरायचं, यात स्पर्धा कुठे आणि बचत कुठे, हे मला तरी दिसत नाही.

ही साय कुठे जमते हे समजलं की जानेवारी २०२३चा वीज कर्मचाऱ्यांचा संपही समजतो. अदानींच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यात समांतर परवाना मागितला होता. हा भाग महावितरणचा. वीज कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारीपासून ७२ तासांचा संप पुकारला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चेनंतर त्याच दिवशी मागे घेतला. बातम्या खाजगीकरणाच्या झाल्या. नकाशा पाहिला असता तर प्रश्न सोपा झाला असता: कारखाने, आयटी पार्क आणि वेळेवर बिल भरणारी वस्ती इथे आहे, मराठवाडा-विदर्भातले शेतीपंप इथे नाहीत. समांतर परवाना तेव्हा जालन्यासाठी कोणी मागितला नव्हता.

स्पर्धेचा दुसरा प्रकार भिवंडीचा. इथे ग्राहकाला निवड नसते; कंपन्या आपसांत लढतात त्या आधी, निविदेत. महावितरण म्हणते: शहराच्या वेशीवर मी तुला वीज देईन, युनिटला किती देतोस? सर्वांत चांगला भाव देणाऱ्याला फ्रँचायझी. ग्राहकाचा दर आयोगाचाच राहतो, तारांची मालकी महावितरणचीच. २६ जानेवारी २००७ला टोरंट पॉवरने भिवंडी हाती घेतली तेव्हा यंत्रमागांच्या त्या गावात निम्म्याहून जास्त वीज गळतीत जात होती: थोडी जुनाट तारांमुळे, बाकी आकडे टाकून, मीटर फिरवून, बिल बुडवून. पुन्हा गोल आकडे घेऊ. १०० युनिट ३ रुपयांनी घेतले, ३०० रुपये दिले. ४२ युनिटांचेच पैसे ८ रुपयांनी आले तर ३३६. पगारही निघणार नाहीत. गळती २० टक्क्यांवर आणली तर ८० युनिटांचे ६४०. म्हणजे कंपनीचा सगळा नफा चोरी थांबवण्यात आहे, आणि तिचा जीवही त्यातच गुंततो. काही वर्षांत भिवंडीची गळती २० टक्क्यांच्या आसपास आली. मीटर बदलले, सबस्टेशनं उभी राहिली. वाढीव बिलांच्या आणि दंडेलीच्या तक्रारीही झाल्या, मोर्चे निघाले.

हाच साचा औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), जळगाव आणि नागपूरला नेला, आणि तिन्ही ठिकाणी फसला. औरंगाबादचा करार २०१४मध्ये तुटला, जळगावचा २०१५मध्ये. नागपूरचे तीन विभाग मधे मालक बदलून २०१९मध्ये महावितरणकडे परतले. कारणं सारखी नाहीत. पण निविदेत चढा भाव बोलायचा, मग गळती अपेक्षेइतकी उतरली नाही की महावितरणची देणी थकवायची, हा प्रकार ओळखीचा आहे. शिवाय गळती आधीच बेताची असेल तर कमवायला उरतंच काय?

तिसरा प्रकार वीजनिर्मितीतला, आणि इथे माझ्या मनात शंका नाही. दाभोळच्या वीजप्रकल्पाचा एन्रॉन करार १९९३मध्ये निविदेशिवाय झाला. वीज इतकी महाग पडली की राज्य वीज मंडळाने मे २००१मध्ये ती घेणं थांबवलं. याउलट सर्वांत कमी भाव बोलणाऱ्याला काम देणाऱ्या उघड लिलावात राजस्थानातल्या भाडला इथे मे २०१७मध्ये सौरऊर्जेचा भाव २ रुपये ४४ पैशांवर आला, आणि डिसेंबर २०२०मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. बिलातला तीन-चतुर्थांश खर्च जिथे घडतो, तिथेच स्पर्धेला खरी जागा आहे.

केंद्राने ऑगस्ट २०२२मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात मुंबईचं चित्र देशभर नेण्याची कल्पना होती: तार एकाची, विक्रेते अनेक. ब्रिटनमध्ये असंच आहे. २०२१मध्ये तिथे गॅसचा भाव भडकला आणि स्वस्ताईचं आमिष दाखवणारे वीसहून अधिक विक्रेते बुडाले. त्यांचे ग्राहक दुसऱ्यांकडे सोपवण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलावर चढला. किरकोळ विक्रेता फक्त हिशेब ठेवणारा असेल तर तो बुडतोही लवकर.

तेव्हा माझं मत असं: निर्मिती पूर्ण खुली करा, तार एकच ठेवा, गळतीने पोखरलेल्या शहरात फ्रँचायझी हिशेबाने द्या. किरकोळ विक्रीतली स्पर्धा मात्र शेतकऱ्याची आणि गरिबाची सवलत सरकारी तिजोरीतून थेट, वेळेवर येऊ लागल्यावरच. ती दुसऱ्या ग्राहकाच्या बिलात दडलेली असेपर्यंत प्रत्येक नवा परवाना म्हणजे साय काढण्याचा परवाना ठरेल.

तुमच्या भागासाठी उद्या असा अर्ज आला तर आयोग जाहीर सूचना काढतो आणि हरकती मागवतो. दर किती कमी, हे नंतर विचारा. परवान्याची हद्द कुठे संपते, हद्दीतल्या झोपडपट्टीला जोडणी द्यायचं बंधन आहे का, अधिभार किती आणि तो किती वर्षं, हे आधी विचारा. जनसुनावणीत बोलायला वकील लागत नाही.