वितस्तेकाठचे सुलतान आणि विहीणबाईंचा प्रश्न

गेल्या वर्षी कोजागिरीच्या सुमारास आपल्या मंडळाच्या वाचनकट्ट्यावर मी एक भाषण केलं होतं. विषय होता काश्मीरचा सुलतान झैन-उल-आबिदीन, ज्याला तिथले लोक आजही ‘बडशाह’ म्हणतात. निवृत्त झाल्यापासून मला इतिहास वाचायचा नाद लागला आहे आणि मुलगी काश्मिरी पंडितांच्या घरात दिल्यापासून त्या नादाला दिशाही मिळाली आहे. भाषण रंगलं, टाळ्या पडल्या, मसाला दूध झालं.

पहिल्या रांगेत आमच्या विहीणबाई बसल्या होत्या. त्यांना मराठी बोलता येत नाही, पण बारा वर्षांच्या सोयरिकीत कळायला लागली आहे. गाडीत बसताना त्या त्यांच्या हिंदीत एवढंच म्हणाल्या, “भाईसाहब, मुलाची गोष्ट फार छान सांगितलीत. बापाची का नाही सांगितली?”

मला उत्तर देता आलं नाही. बाप म्हणजे सुलतान सिकंदर. त्याचं प्रकरण मी मुद्दाम गाळलं होतं. सणासुदीच्या दिवसांत कटू कशाला, असा माझा हिशेब. पण विहीणबाई १९९० च्या हिवाळ्यात दोन मुलं आणि तीन बॅगा घेऊन श्रीनगरहून निघाल्या, त्या परत गेलेल्या नाहीत. त्यांच्यासमोर मी अर्धी गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या होत्या. राहिलेला अर्धा भाग सांगण्यासाठी हा लेख.

भिंतींच्या आतलं राज्य

काश्मीरचं खोरं म्हणजे चारी बाजूंनी हिमालयाच्या आणि पीर पंजालच्या रांगा आणि मधोमध वितस्ता, म्हणजे आपण भूगोलात शिकलो ती झेलम. आत यायच्या वाटा मोजक्या, त्यातल्या बऱ्याचशा हिवाळ्यात बर्फाने बंद. जुन्या राजांच्या काळी या घाटांच्या रखवालीसाठी ‘द्वारपती’ नावाचा अधिकारीच असे. गझनीच्या महमूदाने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो लोहरकोटच्या किल्ल्यावरून परत फिरला.

आपल्याकडचा काळ शेजारी ठेवून पाहू. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. पुढे १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि वीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. म्हणजे आपल्याकडे सत्ता बदलली ती बाहेरून आलेल्या फौजेमुळे. काश्मीरमध्ये ती जवळपास त्याच काळात बदलली, पण आतून.

१३२० मध्ये दुलचा नावाच्या सरदाराने खोऱ्यावर धाड घातली. लुटालूट, जाळपोळ केली, माणसं गुलाम करून नेली. राजा सुहदेव किश्तवाडकडे पळून गेला. रिकाम्या झालेल्या सिंहासनावर बसला रिंचन, लडाखकडून आश्रयाला आलेला एक बौद्ध राजपुत्र. त्याने सेनापती रामचंद्राला मारलं आणि त्याच्याच मुलीशी, कोटा राणीशी, लग्न केलं. इतिहासकार जोनराज सांगतो की रिंचनाने शैव दीक्षा मागितली होती, पण हा भोट, म्हणजे तिबेटी, म्हणून देवस्वामी नावाच्या गुरूने नकार दिला. पुढे बुलबुल शाह या सूफीच्या प्रभावाने तो मुसलमान झाला, सदरुद्दीन हे नाव घेतलं. काश्मीरचा पहिला मुसलमान राजा तो हा.

हे वाचून मी विहीणबाईंना म्हटलं, “दीक्षा दिली असती तर?” त्या म्हणाल्या, “आमच्या घरात दर लग्नाला कोणीतरी हेच म्हणायचं.”

रिंचन तीनच वर्षांत गेला. त्यानंतर उदयनदेव आणि कोटा राणी यांनी राज्य केलं. राणी कर्तबगार होती, परचक्र आलं तेव्हा राजा पळाला आणि तिने खोरं सांभाळलं. पण दरबारात शाह मीर नावाचा एक माणूस हळूहळू मोठा होत होता. तोही सुहदेवाच्या काळात पोट भरायला बाहेरून आलेला. उदयनदेवाच्या मृत्यूनंतर, १३३९ मध्ये, त्याने राणीला अंदरकोटला वेढून सत्ता घेतली. राणीचं पुढे काय झालं याबद्दल दोन कथा आहेत. जोनराजाच्या मते शाह मीरने तिच्याशी लग्न केलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला कैदेत टाकलं. नंतरच्या फारसी बखरींमध्ये ती स्वतःला संपवते. शाह मीर झाला सुलतान शम्सुद्दीन. त्याच्या घराण्याने काश्मीरवर १५६१ पर्यंत, म्हणजे २२२ वर्षं राज्य केलं.

बापाची गोष्ट

सुरुवातीचे सुलतान जुन्या राजांसारखेच वागत होते. दरबारात ब्राह्मण अधिकारी होते, कारभार संस्कृतात चालत होता. शाह मीरचा नातू शिहाबुद्दीन (१३५४ ते १३७३) मोठा लढवय्या. पैशाची चणचण होती तेव्हा एका मंत्र्याने सुचवलं, बुद्धाची मोठी धातूची मूर्ती वितळवून नाणी पाडू. सुलतानाने झिडकारलं. पूर्वजांनी मूर्ती घडवून नाव मिळवलं आणि आपण ती मोडून मिळवायचं का, असा त्याचा रोख होता. याच शतकात लल्लेश्वरी, म्हणजे लल द्यद, लोकांच्या बोलीत शिवाची वाखं गात हिंडत होती. आपल्याकडे ज्ञानदेव-नामदेवांनी केलं तेच काम.

शिहाबुद्दीनाचा पुतण्या सिकंदर १३८९ मध्ये गादीवर आला, तेव्हा तो लहान होता. इराणकडून सय्यद आणि सूफी मंडळी खोऱ्यात येऊ लागली होती. त्यांतल्या मीर सय्यद अली हमदानींचा प्रभाव आधीच पसरला होता. श्रीनगरची प्रसिद्ध जामा मशीद सिकंदरानेच बांधली. याच सिकंदराला इतिहासाने ‘बुतशिकन’, मूर्तिभंजक, हे नाव दिलं. ललितादित्याने आठव्या शतकात बांधलेलं मार्तंडाचं सूर्यमंदिर, विजयेश्वर आणि अशी कितीतरी देवळं त्याच्या कारकिर्दीत पाडली गेली. हिंदूंवर जिझिया बसला. धर्म बदला, देश सोडा किंवा दंड सोसा, अशी वेळ पंडितांवर आली. कित्येक घाट ओलांडून निघून गेले, काहींनी जीव दिला.

या सगळ्यात पुढे होता सिकंदराचा मंत्री सुहभट्ट, जन्माने ब्राह्मण आणि नव्याने मुसलमान झालेला. जोनराज बराचसा दोष त्याच्या माथी मारतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जोनराज हे लिहीत होता सिकंदराच्या मुलाच्या दरबारात बसून. राजाच्या बापापेक्षा मंत्र्याला नावं ठेवणं सोपं होतं. तरीही त्याने देवळांची नावं लिहिली, लोकांचे हाल लिहिले, आणि मुलाने ते लिहू दिलं. मला या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

सिकंदर १४१३ मध्ये वारला. सुहभट्टाचा जाच थोरला मुलगा अलीशाहच्या वेळीही चालू राहिला. पंडितांमध्ये परंपरेने सांगतात की अखेर खोऱ्यात त्यांची अकराच घरं उरली. आकडा खरा असो नसो, सहाशे वर्षं तो विसरला गेलेला नाही, यातच काय ते आलं.

आमचे दाताचे डॉक्टर बारामुल्ल्याचे मुसलमान आहेत. माझ्या तोंडात यंत्र असतानाही ते बडशाहबद्दल उत्साहाने बोलतात. जुना पूल, जुना कालवा, जुनी कारागिरी, काहीही दाखवा, म्हणे बडशाहचं. सिकंदराबद्दल विचारल्यावर मात्र ते गप्प झाले. मग म्हणाले, “आम्हाला शाळेत त्याची मशीद दाखवली. देवळांबद्दल कोणी काही सांगितलं नाही.” म्हणजे गाळणारा मी एकटाच नव्हतो.

मुलाची गोष्ट

१४२० मध्ये सिकंदराचा धाकटा मुलगा शाही खान झैन-उल-आबिदीन या नावाने सुलतान झाला आणि त्याने पन्नास वर्षं राज्य केलं. एकदा त्याला विषारी गळू झालं. हकीम थकले, तेव्हा शिर्यभट्ट नावाच्या पंडित वैद्याने बरं केलं. परंपरा सांगते की वैद्याने बक्षीस म्हणून स्वतःसाठी काहीच न मागता आपल्या लोकांसाठी अभय मागितलं. जिझिया नाममात्र झाला, देवळं पुन्हा उभी करायला परवानगी मिळाली, परागंदा झालेल्यांना परत बोलावलं गेलं.

बडशाहने मध्य आशियातून कारागीर आणून बसवले. कागद बनवणं, पुस्तकबांधणी, शाली, गालिचे, कागदाच्या लगद्याच्या रंगीत वस्तू, आज काश्मीर म्हटलं की जे जे आपण दुकानातून घेतो, त्यातल्या बऱ्याच कलांचं श्रेय त्याला देतात. त्याने कालवे खणले. वुलर सरोवरात दगडांनी भरलेल्या होड्या बुडवून ‘झैन लंक’ हे बेट उभारलं. महाभारत आणि राजतरंगिणी फारसीत आणवली. म्हातारपणी मुलं गादीसाठी भांडत असताना तो श्रीवर पंडिताकडून योगवासिष्ठ ऐकत बसे.

पण मला सगळ्यात आवडते ती जोनराजाची घरची हकिगत. त्याचे आजोबा लोलराज यांनी दहा प्रस्थ जमिनीपैकी एक प्रस्थ विकली होती. घेणाऱ्यांनी जबरदस्तीने दहाही बळकावल्या आणि भूर्जपत्रावरच्या खरेदीखतात अक्षरं फिरवून एकाचे दहा केले. तक्रार बडशाहपुढे गेली. त्याने ते भूर्जपत्र पाण्यात बुडवायला लावलं. नंतर घुसडलेली अक्षरं धुऊन गेली, मूळची तशीच राहिली. जमीन परत मिळाली.

बडशाह १४७० मध्ये वारला. पुढची नव्वद वर्षं सुलतान नावाचे आणि सत्ता सय्यद, मागरे, चक या सरदारांची. एकटा मुहम्मद शाह पाच वेळा गादीवर बसला आणि उतरला. १५४० पासून दहा-अकरा वर्षं मिर्झा हैदर दुघलात याने कारभार केला, १५६१ मध्ये चकांनी गादीच घेतली आणि १५८६ मध्ये अकबराच्या फौजा आल्या. डोंगरांच्या भिंती बाहेरच्यांना अडवत होत्या, आतल्या भांडणांवर त्यांचा इलाज नव्हता. हे आपल्या पेशवाईच्या शेवटाशी ताडून पाहायला हरकत नाही.

पुण्यातली भूर्जपत्रं

या गोष्टीचा एक धागा आपल्या पुण्यातही आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे जॉर्ज ब्यूलर १८७५ मध्ये सरकारी कामावर काश्मीरला गेले आणि तिथून संस्कृत हस्तलिखितं घेऊन आले. ती आधी डेक्कन कॉलेजात होती, आता भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहेत. त्यांत शारदा लिपीतला भूर्जपत्रावरचा ऋग्वेदही आहे. जोनराज आणि श्रीवर यांचे ग्रंथही १८९६ मध्ये मुंबईतच छापून निघाले. भांडारकरच्या दारावरून मी कॉलेजच्या दिवसांत रोज सायकल मारत जात होतो. आत काय आहे हे कळायला मला इथे येऊन साठी ओलांडावी लागली.

लेखाचा कच्चा खर्डा मी गेल्या महिन्यात विहीणबाईंना वाचून दाखवला. त्यांनी कहवा केला होता. सिकंदराचा भाग त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग म्हणाल्या, “आमच्यात दोन भेद आहेत, मलमासी आणि बनमासी. मलमासी म्हणजे तेव्हा खोऱ्यात टिकून राहिलेले. बनमासी म्हणजे निघून गेलेले आणि बडशाहने बोलावल्यावर परत आलेले. आम्ही बनमासी.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “या वेळी बोलावणारा बडशाह काही आला नाही.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच.

दहा वर्षांची नात तिथेच चित्र काढत होती. तिने विचारलं, “आजोबा, मग काश्मीरचे सुलतान चांगले होते की वाईट?” मी तोंड उघडण्याआधी तिच्या आजीने उत्तर दिलं, “एकाच घरात बाप होता आणि मुलगा होता. दोघांचीही नावं पाठ कर.”

मग त्यांनी तिला व्यथ त्रुवाहची गोष्ट सांगितली. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी म्हणजे वितस्तेचा वाढदिवस. जुन्या काळी त्या रात्री नदीच्या दोन्ही काठांना दिवे लागत. बडशाह होडीत बसून रात्रभर ते दिवे पाहत असे, गाणं ऐकत असे. विहीणबाईंच्या आजी लहानपणी त्यांचा हात धरून घाटावर पणती सोडायला नेत.

यंदा धनत्रयोदशीला विहीणबाई आमच्याकडे येणार आहेत. नातीने एक जास्तीची पणती रंगवून ठेवली आहे. घरामागच्या ओढ्यात ती सोडायची असं दोघींचं ठरलं आहे. पाणी फार थंड असेल, त्यामुळे पायऱ्यांवर मी विजेरी घेऊन उभा राहणार आहे.