मुदतीबाहेरची मुभा

न्यू जर्सीतील एडिसन गावी, जिथे ओक ट्री रोडवरील दुकानांत कढीलिंबापासून भाजणीपर्यंत सारे जिन्नस मिळतात, थोरल्या मुलाजवळ राहणारे बाहत्तर वर्षांचे एक मराठी आजोबा 20 जुलैस धाकट्या लेकीकडे, टेक्ससमधील डॅलस येथे, कायमच्या मुक्कामास निघाले आहेत अशी कल्पना करावी. कपडे, पोथ्या, चष्म्याचे दोन जोड आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा, सारे बांधून झाले. परंतु त्यांच्या खिशातील आरोग्यविम्याचे कार्ड ज्या हद्दीपुरते दिलेले आहे ती ओलांडताच, तातडीचे प्रसंग वगळता, नित्याच्या उपचारांना ते निरुपयोगी ठरणार आहे, आणि योजना बदलण्याची वार्षिक मुदत तर मागील डिसेंबरातच उलटून गेली आहे. मग पुढील जानेवारीपर्यंत आजोबांनी औषधपाण्यावाचून बसावे काय? कायद्याचे उत्तर नकारार्थी आहे. मात्र ते उत्तर कायदा आपण होऊन घरी आणून देत नाही, ते मागावे लागते, आणि ठराविक दिवसांच्या आत मागावे लागते.

अमेरिकेतील मुख्यत्वे पासष्टीपुढील रहिवाशांसाठी असलेली मेडिकेअर ही सार्वजनिक विमाव्यवस्था 30 जुलै 1965 रोजी जन्मास आली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसूरीतील इंडिपेंडन्स या गावी, माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या समक्ष, कायद्यावर स्वाक्षरी केली आणि पहिले कार्ड ट्रुमन यांनाच दिले. या व्यवस्थेचे चार विभाग आहेत: रुग्णालयाचा पार्ट ए, डॉक्टरांचा पार्ट बी, खासगी कंपन्यांमार्फत या दोहोंचे लाभ एकत्र देणारा पार्ट सी, म्हणजेच मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज, आणि 2006 पासून अंमलात आलेला औषधांचा पार्ट डी. पासष्ट वर्षे पूर्ण होतात तो महिना, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन, अशी सात महिन्यांची पहिली नोंदणी मुदत असते. पुढे अ‍ॅडव्हान्टेज वा औषधांची योजना बदलायची ती दरवर्षी 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळात. आणि जे आधीच अ‍ॅडव्हान्टेजमध्ये आहेत त्यांना जानेवारी ते मार्च या अवधीत आणखी एक बदल करता येतो.

ही मुदतींची चौकट कोणास निष्ठुर वाटेल. पण तहान लागल्यावर विहीर खणण्याची मोकळीक सर्वांस दिली, तर निरोगी मनुष्य हप्ता भरणार नाही, केवळ आजारीच भरतील, आणि विम्याचा सारा डोलारा कोसळेल, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे प्रयोजन कळते. तथापि मनुष्याच्या आयुष्यातील उलथापालथ ऑक्टोबरची वाट पाहून होत नाही, हेही तितकेच खरे. आणि या दोन सत्यांची सांगड घालण्यासाठीच कायद्याने विशेष नोंदणी मुदतीची तरतूद केली आहे.

अ‍ॅडव्हान्टेज योजनेत असलेले आपले आजोबा याच तरतुदीचे हक्कदार आहेत. स्थलांतराची वर्दी त्यांनी योजनेस आधी दिली, तर ज्या महिन्यात ते जाणार त्याच्या आधीच्या महिन्यापासून, म्हणजे 1 जूनपासून, त्यांची मुदत सुरू होते व गेल्यानंतरचे दोन पूर्ण महिने, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, चालते. जाऊन मग ऑगस्टात वर्दी दिली, तर ऑगस्ट आणि पुढचे दोन महिने मिळतात. नवे संरक्षण साधारणतः अर्ज पोचल्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेस लागू होते. मुदत दवडली, तर जुनी योजना सुटून ते मूळ मेडिकेअरमध्ये, म्हणजे पार्ट ए व बीमध्ये, परततात, पण औषधांचा विमा मात्र हातचा जातो.

स्थलांतराखेरीज इतरही निमित्ते आहेत: योजनेचा सरकारशी असलेला करार संपणे, शुश्रूषालयात राहावयास जाणे वा तेथून बाहेर पडणे, अल्प उत्पन्नामुळे मेडिकेड ही सरकारी मदत किंवा औषधखर्चातील सवलत मिळणे. ज्या भागात सरकारने पाच तारे दिलेली योजना उपलब्ध आहे, तेथील रहिवाशास 8 डिसेंबर ते 30 नोव्हेंबर या काळात एकदा तीत प्रवेश घेता येतो. परंतु या यादीत एका गोष्टीची उणीव प्रत्येकाने ओळखून असावी: नुसता आजार हे सामान्यतः निमित्त मानले जात नाही. एप्रिलात असाध्य व्याधीचे निदान झाले आणि पसंतीचे रुग्णालय आपल्या योजनेत बसत नाही असे आढळले, तर विशिष्ट दीर्घ आजारांसाठीच काढलेल्या योजनांचा मार्ग असल्यास ठीक, एरवी ऑक्टोबरची प्रतीक्षाच करावी लागते. म्हणून निवड प्रकृती ठीक असतानाच डोळसपणे करावी.

सर्वांत अधिक फसगत होते ती नोकरी सुटताना. पासष्टीनंतरही स्वतः किंवा जोडीदार नोकरीत असून, वीस वा अधिक नोकरांच्या आस्थापनेचा विमा चालू असेल, तर पार्ट बी लांबणीवर टाकण्यात दंड नाही. नोकरी किंवा तो विमा, यांपैकी जे आधी संपेल तेव्हापासून पार्ट बीसाठी आठ महिने मिळतात. मात्र अ‍ॅडव्हान्टेज वा औषधांच्या योजनेसाठी मिळतात ते केवळ दोन पूर्ण महिने. आणि नोकरी सुटल्यावर पदरचे पैसे भरून जो जुना विमा पुढे चालवता येतो, ज्यास तिकडे कोब्रा म्हणतात, तो या आठ महिन्यांचे घड्याळ थांबवीत नाही. कोब्रा आहे या भरवशावर दीड वर्ष निश्चिंत राहिलेल्या गृहस्थास पुढे जानेवारी ते मार्च या सर्वसाधारण मुदतीची वाट पाहावी लागते आणि दंडही सोसावा लागतो. तो दंड विलंबाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के, आणि तोही बहुधा जन्मभर! 2025 साली पार्ट बीचा मासिक हप्ता 185 डॉलर होता. दोन वर्षांच्या कसुरीने तो 222 होतो.

मराठी कुटुंबांना आणखी दोन बाबी विशेषेकरून ठाऊक हव्यात. मुलांनी बोलावून घेतलेल्या आईवडिलांनी अमेरिकेत कधी नोकरी केलेली नसली, तरी ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर हप्ता भरून त्यांना मेडिकेअर घेता येते, आणि त्यांची सात महिन्यांची पहिली मुदत ही पात्रता पूर्ण होण्याच्या महिन्याभोवती मोजली जाते. दुसरी बाब पुण्याच्या वा नाशिकच्या दीर्घ मुक्कामाची. मेडिकेअर परदेशातील उपचारांचा खर्च सहसा देत नाही; शिवाय सलग सहा महिन्यांहून अधिक काळ हद्दीबाहेर राहिल्यास अ‍ॅडव्हान्टेज योजना साधारणपणे नाव कमी करते. परतल्यावर नवी योजना घेण्यास दोन पूर्ण महिने मिळतात खरे. पण हप्ता वाचावा म्हणून जाताना पार्ट बीच सोडून दिला असेल, तर निव्वळ परदेशवासाच्या सबबीवर तो मुदतीबाहेर परत मिळत नाही.

मूळ मेडिकेअरच्या खर्चातील उरलेला वाटा भरून काढणारा मेडिगॅप विमा ही याहून नाजूक बाब आहे. पासष्टीनंतर पार्ट बी लागू झाल्यापासून सहा महिने कोणतीही कंपनी प्रकृतीच्या कारणाने तो नाकारू शकत नाही. पुढे मात्र, न्यू यॉर्क, कनेक्टिकट यांसारखी मोजकी राज्ये सोडल्यास, बहुतेक ठिकाणी तिला तसे करता येते. स्थलांतरामुळे ज्याची अ‍ॅडव्हान्टेज योजना सुटली, त्यास मूळ मेडिकेअरमध्ये परतून जुने संरक्षण संपल्यापासून 63 दिवसांच्या आत ठराविक मेडिगॅप हक्काने घेता येतो; आजोबांनी डॅलसला जाण्यापूर्वी हा पर्यायही तोलून पाहावा.

या साऱ्या हक्कांचा आधार म्हणजे कागद. नोकरी सुटल्यावर पार्ट बीसाठी सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत सीएमएस-40बी हा अर्ज आणि मालकाने भरून दिलेला सीएमएस-एल564 हा दाखला रुजू करावा लागतो. आपला औषधांचा विमा मेडिकेअरच्या तोडीचा आहे असे कळविणारे जे पत्र दर शरद ऋतूत टपालाने येते, ते जाहिरातींच्या ढिगाऱ्यात इतके सामान्य दिसते की पुष्कळ घरी ते न फोडताच टोपलीत जाते. आणि पुढे पार्ट डी उशिरा घेतल्याच्या दंडाचा प्रश्न उभा राहिला म्हणजे त्याच एका पानासाठी कपाटे उपसली जातात. मालकाने चुकीची माहिती दिल्यामुळे पार्ट बीची मुदत हुकली असेल, तर त्यासाठीही 2023 पासून स्वतंत्र सवलत आहे. तेथेही लेखी पुरावाच कामी येतो. ज्यांना इंग्रजी पत्रव्यवहार अवघड जातो त्यांनी प्रत्येक राज्यात चालणाऱ्या शिप या मोफत सल्लाकेंद्राकडे जावे. तेथील सल्लागार कोणत्याही कंपनीचा माल विकत नाहीत. पण कागद वाचून दाखविणे हे घरच्या तरुणांचे पहिले कर्तव्य आहे. ज्यांनी आयुष्यभर आपली फी वेळेवर भरली, त्यांची एक तारीख आपण सांभाळू नये काय?

डॅलसच्या नव्या स्वयंपाकघरात लेक भिंतीवर कालनिर्णय टांगील, त्यावर चतुर्थी आणि एकादशी आधीच छापलेल्या असतील. तिने पेन घेऊन 30 सप्टेंबरभोवती एक ठळक वर्तुळ काढावे, म्हणजे बाबांच्या गोळ्यांचा डबा त्या वर्षी रिकामा पडणार नाही.