लशीची सक्ती आणि लोकलचा पास

साथ ओसरली कीं तिच्या वेळीं निघालेले हुकूम लोक विसरतात, सरकारही विसरतें. मात्र पुढील साथ आली म्हणजे तेच हुकूम दप्तरांतून जसेच्या तसे बाहेर निघतात. यास्तव कोविडच्या काळांत लस व मुखपट्टी यांच्या सक्तीवरून जो वाद माजला, त्याचा विचार आतां, डोकीं थंड झालीं असतां, करून ठेवणें इष्ट आहे. त्या वादांत एका बाजूस देह माझ्या मालकीचा एवढेंच पालुपद होतें. दुसऱ्या बाजूस, हुकुमाचें कारण विचारणारा प्रत्येक मनुष्य अडाणी ठरत होता. आम्ही स्वतः लशीचे कैवारी आहों, हें प्रथमच सांगून टाकतों. देवीच्या रोगानें शतकानुशतकें आमच्या घरांतलीं मुलें नेलीं. तो रोग भारतांतून १९७५ सालीं नाहींसा झाला, तो लशीमुळेंच. कोविडच्या लशीनेंही आजार विकोपास जाणें व मृत्यु ओढवणें यांचें प्रमाण पुष्कळ खालीं आणलें. परंतु वस्तु चांगली आहे एवढ्यावरून ती घेण्यास मनुष्यास भाग पाडण्याचा अधिकार सिद्ध होत नाहीं. तो अधिकार कोणत्या कारणानें, कोणत्या रीतीनें व किती दिवस चालवावा, याचा झाडा सक्ती करणारानेंच दिला पाहिजे.

मुंबईचेंच उदाहरण घेऊं. लोकल गाडी ही तेथें चैनीची वस्तु नव्हे. कल्याण, विरार, पनवेलकडील लक्षावधि माणसांचें पोट तिच्यावर आहे. एप्रिल २०२१ मध्यें दुसऱ्या लाटेंत ती सामान्य उतारूंस बंद झाली, व अत्यावश्यक सेवेंतील लोकांसच काय ती मोकळी राहिली. पुढें १५ ऑगस्ट २०२१ पासून, ज्यांनीं लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या आणि दुसरीनंतर चवदा दिवस लोटले, अशांस पास मिळूं लागला. सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, ही बंदी नव्हे, बंदींतून दिलेली सूट होय. हें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. डेल्टा नांवाचा घातक प्रकार तेव्हां फैलावलेला होता, लस घेतलेल्यास लागण होण्याचा संभव कांहींसा कमी होता, आणि सायंकाळचा लोकलचा डबा कसा भरलेला असतो हें ज्यानें पाहिलें आहे त्यास साथीच्या दिवसांत त्याची धास्ती कां वाटावी, हें सांगण्याची जरूर नाहीं.

परंतु आमच्या व्यापारी वाचकांस हिशेब समजतो, म्हणून त्यांच्यापुढें दिवसांचा हिशेब ठेवतों. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस लस १ मे २०२१ रोजीं खुली झाली, आणि पुरवठा अपुरा पडल्यामुळें महाराष्ट्रांत तें काम थोड्याच दिवसांत थांबवावें लागलें. केंद्र सरकारनें सर्व प्रौढांस फुकट लस देण्याचें धोरण सुरू केलें तें २१ जूनला. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्यें त्या वेळीं निदान ८४ दिवसांचें अंतर ठेवावें, असा सरकारचाच नियम होता. एखाद्या तरुण मजुरानें अगदीं पहिल्याच दिवशीं रांगेंत उभें राहून लस घेतली असें धरलें, तरी त्याची दुसरी मात्रा १३ सप्टेंबरच्या आधीं पडत नाहीं. त्यावर चवदा दिवस, म्हणजे गाडी २७ सप्टेंबरला. हा मनुष्य लशीचा द्वेष्टा नव्हता. त्यानें सरकारनें सांगितलें तें सर्व केलें, आणि तरीही फलाटाबाहेर राहिला. ज्यास लस आधीं मिळाली त्यास सूट आधीं मिळाली. आणि प्रारंभीं तरी लस आधीं मिळाली ती ज्याच्यापाशीं स्मार्टफोन, कोविनचें इंग्रजी पान वाचण्याची संवय व दुपारीं मोकळा वेळ होता त्यास. धुणीभांडीं करणाऱ्या बाईनें हें कोठून आणावें? जी वस्तु सरकार वेळेवर देऊं शकत नाहीं ती नाहीं म्हणून रोजी अडवणें, याला आरोग्यरक्षण हें नांव शोभत नाहीं.

रीतीविषयीं म्हणाल तर तीही सांभाळली गेली नाहीं. मुंबई हायकोर्टापुढें जेव्हां हे आदेश गेले, तेव्हां फेब्रुवारी २०२२ मध्यें असें निष्पन्न झालें कीं, आपत्ति व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणें ज्या समितीनें विचार करून निर्णय घ्यावयाचा, तिला बाजूस ठेवून मुख्य सचिवांनीं ते एकट्यानें काढले होते. कोर्टानें नापसंती दाखविल्यावर जुने आदेश मागें घेण्यांत आले. परंतु मार्चच्या आरंभीं निघालेल्या नव्या हुकुमांत लोकलची अट पुन्हां कायमच होती. या अवधींत मूळ कारण मात्र पातळ झालेलें होतें. डिसेंबर २०२१ पासून ओमिक्रॉन आला. त्यानें लस घेतलेला व न घेतलेला असा भेद लागणीपुरता फारसा राखला नाहीं. लस टोचून घेणारा स्वतः वांचत होता हें खरें. पण शेजारच्या उतारूचें रक्षण हें जें सक्तीचें कारण, तें आतां पूर्वीइतकें उरलें नव्हतें. कारण बदललें तरी हुकूम बदलला नाहीं, आणि तो कां बदलत नाहीं हें कोणी आंकडे मांडून सांगितलें नाहीं. एप्रिल २०२२ च्या आरंभीं, गुढीपाडव्याच्या सुमारास, सर्वच निर्बंध उठले तेव्हां ही अटही गेली.

त्यानंतर महिन्याभरानें, २ मे २०२२ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें जेकब पुलियेल यांच्या खटल्यांत निकाल दिला. कोणाही व्यक्तीस लस टोचून घेण्यास भाग पाडतां येणार नाहीं. मात्र समाजाच्या आरोग्यासाठीं सरकारास कारणाच्या प्रमाणांत निर्बंध घालतां येतील. आणि लस न घेतलेल्यापासून संसर्गाचा धोका अधिक आहे असें दाखविणारे आंकडे पुढें न आल्यामुळें तत्कालीन निर्बंध प्रमाणांत बसत नाहींत, असा त्याचा मथितार्थ होय. न्यायालयानें लसीकरणाचें धोरण मनमानी ठरविलें नाहीं, हें लशीच्या विरोधकांनीं सोयीस्करपणें गाळूं नये. लशीनंतर उद्भवणाऱ्या अपायांची माहिती लोकांपुढें खुली ठेवावी, असेंही त्या निकालांत आहे, व तो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं प्लेगची लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिन यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर ढकलला गेला, आणि ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. ज्या गृहस्थानें १८९७ मध्यें ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, त्याच्या कपाळीं हें आलें. उघड व त्वरित चौकशी झाली असती तर त्या विद्वानाची अप्रतिष्ठा टळती, आणि लशीविषयींचा संशयही इतका मुरला नसता.

याच संदर्भांत एक विसंगति नजरेस आणणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. कोणासही त्याच्या इच्छेविरुद्ध लस देण्याचें आपलें धोरण नाहीं, असें केंद्र सरकारनें जानेवारी २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत लेखी कळविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस, लशीनंतर दगावलेल्यांच्या नातलगांनीं भरपाई मागितली, तेव्हां लस घेणें कायद्यानें बंधनकारक नव्हतें हाही बचाव सरकारनें मांडला. आतां ज्या उतारूस लशीवांचून पास मिळत नव्हता, त्यानें काय समजावें? गाडीच्या दाराशीं लस सक्तीची, आणि भरपाईच्या दाराशीं ऐच्छिक! असले अपाय फार विरळ होते, हें आम्ही जाणतों. म्हणूनच त्यांची भरपाई सरकारास जड गेली नसती.

मुखपट्टीची गोष्ट निराळी. ती अंगांत शिरत नाहीं, घरीं गेल्यावर खुंटीस अडकवितां येते, आणि जो बांधतो त्याच्याइतकाच तिचा उपयोग समोरच्यास होतो. बंद जागेंत ती बांधण्याचा हुकूम लशीच्या हुकुमापेक्षां पुष्कळ सौम्य आहे, असें आमचें मत आहे. परंतु येथेंही अंमलाची रीत पाहावी लागते. मुंबईंत मुखपट्टी नसल्यास २०० रुपये दंड होता व तो वसूल करणाऱ्या खासगी कंत्राटदारांस दंडांत वांटा होता. मग गल्लीगल्लींत हुज्जती झाल्या यांत नवल तें काय? याउलट बांगलादेशांत सुमारे ६०० खेड्यांत २०२०-२१ मध्यें एक मोठा प्रयोग झाला. तेथें दंड नव्हता. घरोघर फुकट मुखपट्ट्या वांटल्या, बाजारांत व मशिदींत आठवण करून दिली, गांवच्या वडीलधाऱ्यांनीं आधीं स्वतः बांधल्या; तेवढ्यानें मुखपट्टी नीट बांधणारांचें प्रमाण शेंकडा १३ वरून ४२ वर गेलें. लागणींतली घट त्या मानानें बेताची, शेंकडा नऊच्या आसपास होती. तेव्हां मुखपट्टी म्हणजे कवचकुंडलें असें कोणीं मानूं नये. वडीलधाऱ्यांचें उदाहरण उलटही काम करतें. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरांत १९१८ च्या इन्फ्लुएंझांत मुखपट्टी सक्तीची करणारे नगराध्यक्ष स्वतः मुष्टियुद्धाच्या सामन्यास उघड्या तोंडानें बसलेले छायाचित्रांत सांपडले, व त्यांस दंड भरावा लागला. पुढें जानेवारी १९१९ मध्यें ती सक्ती पुन्हां येतांच तेथें मुखपट्टीविरोधी संघच उभा राहिला. आमच्याकडे २०२१ च्या वसंतांत बंगालच्या प्रचारसभांतून जें दिसलें, तेथें दंड कोणीं कोणाला केला हें वाचकच जाणतात.

या सर्व हुकुमांच्या मुळाशीं २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याच्या जोडीला १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा होता. पुण्यांत प्लेगच्या वेळीं गोरे सोजीर घरांत शिरले ते याच कायद्याच्या जोरावर, आणि लोकांनीं रोगी माळ्यावर दडविले ते त्याच्याच भयानें. २०२० मध्यें त्यांत दुरुस्ती झाली ती मुख्यतः आरोग्यसेवकांवर हात टाकणारांस शिक्षा देण्यासाठीं. ती योग्यच होती. पण नागरिकानें हुकुमाचें कारण कोठें विचारावें, याचें एकही कलम त्यांत नाहीं. विधि आयोगानें फेब्रुवारी २०२४ मध्यें या कायद्याच्या उणिवा दाखवून नवी व्यवस्था करावी असें सुचविलें आहे. तसा मसुदा कायदेमंडळापुढें येईल तेव्हां आमच्या प्रतिनिधींनीं इतकें तरी मागून घ्यावें: प्रत्येक सक्तीच्या हुकुमासोबत तिचे आधारभूत आंकडे मराठींत छापले जावेत, ठराविक दिवसांनीं तो हुकूम आपोआप संपावा व वाढवावयाचा तर सभागृहापुढें यावा, लस मागेल त्यास मिळूं लागेपर्यंत तिच्यावांचून कोणाची रोजी अडूं नये, आणि सरकारी शिफारशीनें लस घेऊन ज्यास अपाय झाला त्याच्या कुटुंबास दिवाणी दावा लढविण्यावांचून भरपाई मिळावी.