मागच्या आसाची थरथर

गोरेगावसारख्या धानाच्या मुलखात चिखलात रुतलेली मोटार एकच चाक गरगर फिरून बाहेर निघत नाही. म्हणून काही गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये घर्षणाच्या चकत्या असतात. त्या दुसऱ्या चाकासही जोर पोचवितात. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, तेव्हा याच चकत्यांनी एकमेकींवरून अलगद सरकावयाचे असते. तेल निकामी झाले, की त्या अडखळतात व आस थरथरतो.

अशा वेळी आस खोलण्याची घाई करू नये. जुने तेल कोमट असताना काढावे, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले घर्षणशामक द्रव्ययुक्त तेल भरावे आणि मोकळ्या जागी दोन्ही बाजूंस सावकाश गोल फेऱ्या घ्याव्या. तरीही थरथर राहिली, तरच चकत्या तपासाव्या. द्रव्य मात्र प्रमाणातच हवे. अधिक झाल्यास चिखलातील पकडच जावयाची!