मोटारसायकलचा मागचा शॉक ॲब्सॉर्बर

मोटारसायकलवरून दूरचा प्रवास करणाऱ्या गृहस्थास आपल्या यंत्राच्या कोणत्या भागाची काळजी वाटते असें विचारिलें, तर तो इंजिनाचें नांव घेईल, टायरचें घेईल, ब्रेकचेंही घेईल. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस उभ्या असलेल्या दोन नळ्यांचें नांव त्याच्या तोंडीं सहसा येत नाहीं. गॅरेजांत त्यांस ‘शॉकअप’ म्हणतात. पुस्तकी नांव शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे धक्का शोषणारा. हें नांव थोडें फसवें आहे, आणि त्यामुळेंच ही वस्तु केवळ बसणाऱ्याच्या सुखासाठीं आहे असा समज सर्वत्र पसरला आहे.

खरें पाहतां धक्का झेलते ती बाहेरची स्प्रिंग. चाक दगडावर चढलें कीं स्प्रिंग दबते, आणि दबतांना जी शक्ति ती पोटांत घेते ती दुसऱ्याच क्षणीं परत देते. केवळ स्प्रिंगच असती तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ वरखालीं झुलत राहिली असती. हें झुलणें थांबविण्याचें काम आंतल्या नळीचें आहे. तींत तेल भरलेलें असतें, आणि बारीक छिद्रें असलेला दट्ट्या त्या तेलांतून सरकतो. रंगपंचमीची पिचकारी ज्यानें हातांत धरली आहे त्याला यांतील मर्म ताबडतोब उमगेल: दट्ट्या हळू दाबला तर सहज सरकतो, जोरानें दाबावा तर तितक्याच हट्टानें अडतो, आणि भोंक जितकें लहान तितका हा हट्ट मोठा. चाकाच्या हालचालीची शक्ति अशा रीतीनें तेल ढवळण्यांत खर्ची पडते व तिची उष्णता होते. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरून धांवून आलेल्या गाडीची ही नळी हाताला ऊन लागते. बहुतेक नळ्यांत दबण्यापेक्षां परत लांबण्याला अधिक विरोध ठेवलेला असतो. स्प्रिंगनें बसणाऱ्यांस वर भिरकावूं नये, हा त्यांतील हेतु.

मोटारसायकलला ही सोय तशी उशिरांच मिळाली. पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचें मागचें चाक सांगाड्यालाच घट्ट जखडलेलें असे, आणि बसणाऱ्याच्या वांट्याला काय त्या खोगिराखालच्या स्प्रिंगा येत. इंग्लंडांतील रॉयल एनफील्ड कंपनीनें १९४९ सालीं विक्रीस आणलेल्या ३५० सी. सी. बुलेटला मागें झुलता दांडा, म्हणजे स्विंगआर्म, व तेलाच्या नळ्या होत्या. त्या काळीं ती नवलाई होती. १९५५ पासून ही गाडी मद्रासेस जुळूं लागली आणि पुढें आपल्याकडील रस्त्यांवर रुळली. तेलाची एक खोड मात्र राहिली होती. नळींत तेलासोबत हवाही असे, आणि दोहोंची वेगानें घुसळण झाली कीं फेंस होई. फेंस छिद्रांतून विनासायास जातो. मग विरोध कसला! फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांनीं १९५० च्या दशकांत तेलामागें दाबाखालील नायट्रोजन वायु ठेवून ही अडचण दूर केली. आज पुष्कळ गाड्यांना दोन नळ्यांऐवजीं मध्यभागीं एकच मोठी नळी असते. २०१६ सालीं निघालेली हिमालयन ही त्याच घडणीची.

आतां ही नळी निकामी झाली तर काय बिघडतें? टायर रस्त्याला टेकलेला असेल तरच ब्रेकाचा उपयोग. तेल गळून गेलेल्या नळीवर चाक खड्ड्यांतून उसळलें कीं तें क्षणभर अधांतरीं असतें, आणि त्या क्षणीं पाय ब्रेकवर असून नसल्यासारखाच. सपाट रस्त्यावर हें एखादे वेळीं खपून जातें. परंतु पाठीमागें पत्नी बसलेली, दोन्ही बाजूंस सामानाच्या पेट्या, आणि गाडी आंबोलीचा घाट उतरते आहे, अशा वेळीं वळणाच्या मध्यावर मागचें अंग डोलूं लागलें तर चालकाच्या हातीं फारच थोडें उरतें. त्यांतही वाईट हें कीं हा दोष एका दिवसांत उत्पन्न होत नाहीं. नळी महिन्यांमागून महिने थोडी थोडी ढिली होते, आणि चालकाचें अंग तिला नकळत सरावत जातें. मागें बसणारीस तें प्रथम जाणवतें, कारण तिचें आसन मागच्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर असतें. ‘हल्लीं फार आदळतें’ ही तिची तक्रार म्हणजे घरांतील सर्वांत विश्वासू मापयंत्र होय. पण ‘रस्तेच वाईट’ या एका वाक्यानें ती बहुधा उडवून लावण्यांत येते.

परीक्षा सोपी आहे. गाडी उभी धरून सीटचा मागचा भाग जोरानें खालीं दाबावा व सोडून द्यावा. तो एकदां वर येऊन स्थिर झाला तर ठीक. दोनतीनदां डोलला तर नळींत दम उरलेला नाहीं. नळीवर धूळ तेलांत भिजून काळा थर बसला असेल, किंवा टायरच्या नक्षीवर उंचसखल टप्पे पडले असतील, तर तेंही लक्षण समजावें. मात्र निर्णयापूर्वीं गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचें चाक आडवें हलवून पाहावें. तें डगडगत असेल तर दोष स्विंगआर्मच्या बुशांचा किंवा चाकाच्या बेअरिंगांचा असूं शकतो, आणि नवे शॉकअप घालून तो जाणार नाहीं.

नवी जोडी निवडतांना एका गैरसमजापासून सावध राहावें. स्प्रिंगच्या बुडाशीं एक कडी असते. ती फिरविली कीं स्प्रिंग आवळली जाते. कडी आवळली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असें पुष्कळजण समजतात. थोडें गणित करून पाहूं. समजा, एका बाजूची स्प्रिंग १ मिलिमीटर दबण्यास २ किलो वजन लागतें. दोन्ही बाजू मिळून ४ किलो. मागें ६० किलो वजनाचें माणूस बसलें आणि त्याचा बहुतेक भार मागच्या चाकावर आला, तर गाडी सुमारें १५ मिलिमीटर खालीं बसेल. २० किलो सामानानें आणखी ५. आतां कडीनें स्प्रिंग १० मिलिमीटर आवळली, तर गाडी तितकीच वर उचलली जाते. परंतु त्यापुढील प्रत्येक मिलिमीटरला लागणारें वजन पूर्वींचेंच राहतें. बदलली ती उंची. स्प्रिंगचा स्वभाव बदलला नाहीं. ज्यांचा प्रवास नेहमीं दोघांनीं व सामानासह होतो त्यांनीं मुळांतच जाड स्प्रिंगची जोडी घ्यावी, आणि स्प्रिंग जाड तर नळीचा विरोधही त्या मानानें अधिक असावा. लांबी मात्र मूळचीच ठेवावी. लांब नळ्या घालून गाडी उंच व ऐटदार दिसते खरी, पण साखळीचा ताण, स्टँडचा कल आणि वळतांनाचा तोल हीं सर्व त्यामुळें बदलतात.

दोन नळ्यांच्या गाडीवर हें काम घरच्या अंगणांतही होतें. आदल्या रात्रीं गंजलेल्या नटांवर गंज सोडविणारें तेल सोडून ठेवावें. गाडी सपाट जागीं डबल स्टँडवर घ्यावी व मागच्या चाकाखालीं फळी सरकवून तें जेमतेम टेकेल असें करावें. दोन्ही नळ्या एकदम काढूं नयेत, हें या कामाचें खरें वर्म. एका बाजूची जुनी काढून तिच्या जागीं नवी बसवावी. तोंवर दुसरी बाजू स्विंगआर्मला जागच्या जागीं धरून ठेवते आणि भोंकें समोरासमोर राहतात. काढलेले वॉशर व बुश वर्तमानपत्रावर त्याच क्रमानें मांडावे. बोल्टाला ग्रीस चालतें, रबराला साधें ग्रीस लावूं नये. नट प्रथम हातानेंच बसवावे, गाडी चाकांवर उतरवावी, आणि मगच गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यानें आवळावे. अधांतरीं आवळल्यास कित्येक प्रकारच्या रबरी बुशांना कायमचा पीळ बसतो. एकच बाजू बदलून पैसे वांचविण्याचा मोह टाळावा. एक नळी ताठ व दुसरी थकलेली असली कीं स्विंगआर्म पिळवटला जातो.

मध्यभागीं एकच नळी असलेल्या गाडीचें प्रकरण निराळें. तेथें ती काढतांच मागें आधार म्हणून कांहींच उरत नाहीं, आणि गाडी स्विंगआर्मखालीं लावण्याच्या स्टँडवर असेल तर ती सरळ खालीं कोसळते. तिचा भार सांगाड्यावरच तोलला पाहिजे, व हाताशीं दुसरा माणूस पाहिजे. तशी सोय नसेल तर हें काम मेकॅनिकास सोंपवावें. त्यांत कमीपणा नाहीं.

नवी जोडी बसल्यावर मागचें चाक उचलून धरून आंस आणि सीटखालची एखादी खूण यांमधील अंतर मोजावें. मग दोघांनीं सामानासह गाडीवर बसावें व तिसऱ्यानें तेंच अंतर पुन्हां मोजावें. फरक नळीच्या एकूण हालचालीच्या साधारण एकतृतीयांश येईपर्यंत कडी फिरवावी. त्यानंतर साखळीचा ताण पाहावा, आणि रात्रीं भिंतीवर हेडलाइटचा झोत कोठें पडतो तेंही पाहावें; मागची बाजू भारानें बसलेली असली कीं हाच झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पहिली फेरी जवळपासच व सावकाश घ्यावी, आणि कांहींशें किलोमीटरनंतर नट पुन्हां एकदां तपासावे. जुन्या नळ्या कापूं किंवा तापवूं नयेत. वायूच्या नळींतील दाब टायरमधील हवेहून कित्येक पट असतो. भंगारवाल्यास देतांना त्यालाही हें सांगून ठेवावें.