नागराजाची सुटका की हद्दपारी?

पश्चिम घाटातील नागराजाला २०२४ मध्ये स्वतंत्र जातीचा मान मिळाला. १८३६ मध्ये कँटर याने पहिले शास्त्रीय वर्णन केल्यापासून भारत ते फिलिपाइन्स या टापूतील सारे नागराज एकाच जातीचे समजले जात. आता त्यांच्या चार जाती मानण्यात आल्या असून घाटातील जातीस कानडी मुलखात रूढ असलेले ‘काळिंग’ हेच नाव देण्यात आले आहे. आशियाभर पसरलेल्या या प्राण्याचे घर अशा रीतीने एका डोंगररांगेएवढे ठरले. वनखात्याने आणि सर्पमित्रांनीही ही गोष्ट मनावर घेण्याजोगी आहे.

नागराज हा वस्तुतः नाग नव्हेच. इतर सर्प हा त्याचा मुख्य आहार. धामणीच्या मागावर तो पडवीपर्यंत येतो, तर विणीच्या हंगामात, मार्च-एप्रिलच्या सुमारास, मादीच्या शोधात हिंडणारे नर वस्तीत शिरतात. मादीचे वर्तन सर्पकुळात अपूर्वच म्हटले पाहिजे. अंगाच्या वेटोळ्यांनी पालापाचोळा ओढून ती घरटे रचते, वीस-तीस अंडी घालते, कित्येक आठवडे त्यांवर पहारा देते आणि पिले बाहेर पडण्यापूर्वी निघून जाते. स्वतःची पिले खाण्याचा मोह टाळण्यासाठी, असे सांगतात; पण तो तर्कच होय.

असा सर्प दिसताच पकडून दूरच्या अरण्यात सोडणे ही आज भूतदया समजली जाते. कर्नाटकात आगुंबे परिसरात नागराजांच्या शरीरात रेडिओ यंत्र बसवून त्यांचा माग काढण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की दूर नेऊन सोडलेला नर एकाच दिशेने लांबवर भरकटत गेला. आपल्या मुलखातील नर मात्र ओळखीच्या टापूतच वावरत होता. मग ती सुटका कोणाची झाली? गावकऱ्यांची म्हणावी, तर ओळखीची रानवाट सुटलेला सर्प दुसऱ्या गावात शिरणारच. शिवाय छायाचित्रासाठी त्याला हाताळणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, की भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावरची आहे, नागराजाच्या नव्हे.

घरात अडकलेला नागराज पकडावाच लागला, तर तो जाणत्याने पकडून लगतच्या रानातच सोडावा. परसातून जाणाऱ्याला वाट द्यावी. बागायतीच्या कडेला घरटे सापडले, तर पावसाळ्यात पिले बाहेर पडेपर्यंत तेवढी जागा मोकळी ठेवावी. बागायतदाराचे त्यात फारसे काही बुडत नाही.