गेमिंग पीसी विकताय? मग रॅमच्या बाबतीत घाई नको

गेमिंग पीसी असेंबल करून विकायचा धंदा सुरू करणार असाल, तर कस्टमर घासाघीस कुठे करतो ते आधी ओळखा. ग्राफिक्स कार्डाचं नाव त्याला पाठ असतं. प्रोसेसरही त्याने ठरवून आणलेला असतो. बजेट बसेना की कात्री लागते रॅमला, एसएमपीएसला आणि मदरबोर्डला. माझ्या काउंटरवर पीसी परत येतात ते जास्त करून याच तीन गोष्टींपायी. आज फक्त रॅमबद्दल बोलू.

आधी हिशोब. समजा एका पीसीमागे तुमच्या हातात चार हजार रुपये राहिले. तोच पीसी आठवड्याने "गेम मध्येच बंद पडतो" म्हणून परत आला, दोन दिवस बेंचवर बसला, पोरगं त्यातच अडकलं, दोन नवी कामं मागे पडली. चार हजारातले किती उरले? आणि तो कस्टमर आपल्या चार मित्रांना काय सांगेल, ते तर हिशोबात धरलेलंच नाही.

रॅमचा दोष सरळ दिसत नाही, हीच मोठी अडचण आहे. विंडोज सुरू होतं, व्हिडिओ चालतात, सगळं छान. मग गेम सुरू करून अर्धा-पाऊण तास झाला की निळी स्क्रीन, नाहीतर गेम गायब होऊन थेट डेस्कटॉप. बोट मात्र ग्राफिक्स कार्डाकडे जातं. माझ्याकडे एक मुलगा दुसरीकडे बनवलेला पीसी घेऊन आला होता. दोनदा विंडोज टाकून झालं होतं, ग्राफिक्स कार्ड बदलायचं म्हणून वडिलांकडून पैसेही मागून झाले होते. उघडून पाहिलं तर चार स्लॉटमध्ये चार स्टिक, दोन एका कंपनीच्या आणि दोन दुसऱ्या. दोन काढल्या, रात्रभर टेस्ट लावली, एकही एरर नाही. ग्राफिक्स कार्ड ठणठणीत होतं.

आता निवड कशी करायची ते बघू. डीडीआर4 आणि डीडीआर5 ची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. एएमडीच्या एएम4 बोर्डाला डीडीआर4, एएम5 ला फक्त डीडीआर5. इंटेलच्या 12 व्या ते 14 व्या जनरेशनमध्ये मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, आणि नावं इतकी सारखी की होलसेलरकडेही गफलत होते. ऑर्डर देताना बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहूनच द्या.

खरी गोम स्पीडमध्ये आहे. बॉक्सवर 6000 लिहिलंय म्हणून स्टिक लावल्या लावल्या 6000 वर चालत नाही. ती आधी साध्या स्पीडवर सुरू होते, बहुतेक डीडीआर5 मध्ये 4800 वगैरे. बायोसमध्ये जाऊन इंटेलसाठी एक्सएमपी किंवा एएमडीसाठी एक्स्पो प्रोफाइल चालू केलं की मगच 6000. आणि हे प्रोफाइल म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे. रायझन 7000 सिरीजला एएमडीने अधिकृत स्पीड दिलाय दोन स्टिकवर 5200, आणि चार स्टिक भरल्या तर फक्त 3600! म्हणजे चारही स्लॉट भरून 6000 मागणं ही प्रोसेसरवर जबरदस्तीच. चालेलही, पण "चालेलही" या शब्दावर वॉरंटी द्यायची नसते.

म्हणून माझ्या दुकानाचा नियम असा: 32 जीबी हवी तर 16 च्या दोन, 8 च्या चार नाहीत. दोन्ही एकाच किटमधल्या, एकाच बॉक्समधल्या. कस्टमर म्हणेल, "आत्ता एक द्या, पुढच्या महिन्यात सेम दुसरी घेतो." तिथेच त्याला समजावा. सेम मॉडेल नंबरच्या स्टिकमध्येही आतली चिप बदललेली असू शकते. आज सॅमसंगची, पुढच्या लॉटमध्ये हायनिक्सची. किटमधल्या स्टिक एकत्र टेस्ट होऊन आलेल्या असतात. शिवाय एकाच स्टिकवर ड्युअल चॅनेलही मिळत नाही, आणि गेममध्ये तो फरक जाणवतो.

किट ठरवण्याआधी मदरबोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर सपोर्ट विभागातली क्यूव्हीएल, म्हणजे टेस्ट केलेल्या मेमरीची यादी, उघडा. नुसता ब्रँड नाही, स्टिकचा अख्खा पार्ट नंबर जुळवा. किती स्टिक लावून ती टेस्ट झालीय, तो कॉलमही बघा. यादीत नाव नाही म्हणून रॅम खराब असते असं नाही, पण नवीन दुकानदाराने यादीतलीच विकावी, असं माझं स्पष्ट मत. आणि हो, मोठा एअर कूलर असेल तर उंच आरजीबी वाली रॅम खाली बसते का, तेही मोजून घ्या.

जोडणी करताना दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. मॅन्युअल बघून खात्री करा. बायोस अपडेट करा. एएम5 वर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, कारण बोर्ड मेमरी ट्रेनिंग करत असतो. घाबरून पॉवर बंद करू नका. कस्टमरलाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरी पोहोचताच फोन येईल.

मग प्रोफाइल चालू करून मेमटेस्ट86+ पेनड्राइव्हवरून रात्रभर लावा. फुकट आहे. एक एरर आली तरी पीसी नापास. "एकच तर आहे" हा हिशोब इथे चालत नाही. स्पीड 5600 वर आणून पास झाला, तर कस्टमरला तसं सांगूनच द्या किंवा किट बदलून घ्या. 6000 चे पैसे घेऊन गुपचूप 5600 देऊ नका.

एक गंमत सांगतो. सीपीयू-झेड मध्ये 6000 ची रॅम 3000 मेगाहर्ट्झ दाखवते, कारण डीडीआर एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा पाठवते. "मला निम्म्या स्पीडची दिली" म्हणून भांडायला येणारे भेटतील. डिलिव्हरीच्या वेळी स्क्रीनवर दाखवूनच हा आकडा समजावा.

शेवटी कागद. बिलावर दोन्ही स्टिकचे सीरियल नंबर लिहा, बॉक्स जपायला सांगा, कारण वॉरंटीत बऱ्याचदा अख्खं किटच परत मागतात. टेस्ट पास झालेल्या स्क्रीनचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. आणि 2025 च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जसे उसळले ते बघता, कोटेशनवर "रॅमचा दर फक्त आजपुरता" ही ओळ ठळक अक्षरात टाका. ॲडव्हान्स आला की पहिली ऑर्डर रॅमची, कॅबिनेट नंतर घेतलं तरी चालतं.